ताठ दोरा

दाताच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या आजोबांचे कान शेजारच्या दोन शिक्षिकांकडे लागले होते.

“ध्वनीचा धडा मी कागदी पेल्यांचा आणि दोऱ्याचा फोन करून शिकवला. पोरं नुसती उड्या मारत होती!”

“जोड्या जमल्या सगळ्यांच्या?”

“एक मुलगी उरली. तिने दुसरा पेला कुलूपबंद वर्गाच्या फुटक्या खिडकीतून आत सोडला आणि गप्पा मारत बसली.”

“खेळत असेल गं एकटीच.”

“दोरा सैल असला की आवाज येत नाही, हे तिला दाखवायला गेले, तर दोरा ताठ!”

“काहीतरीच! पेला कानाला लावलास?”

“लावला. आतून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, ‘बाई, आमच्या वर्गावर कधी येणार?’”

“मग तू?”

“सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘उद्या नक्की.’”

“कधीची गोष्ट ही?”

“कालची.”

“मग आज... तुझा दात खरंच दुखतोय ना गं?”