गुंडव्वाचं ताट

मी काशी, मूळची देवणीची, नवरा तरणाताठा गेला म्हणून लेकरू आईपाशी ठेवून कंधारला आले, मोहताजखान्यात सैपाकाला. मोहताजखाना म्हंजे ज्यांना कुणी न्हाई अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना निजामाच्या सरकारातून जेवण भेटायची जागा. काय सांगू तुम्हाला, चाळीस जीव, निम्म्यांना दात न्हाईत. गरम भाकर आमटीत कुस्करून लगेच वाढली तरच खातील, निवली की गिळत न्हाई. म्हणून ऊन उंबऱ्याला टेकलं की मी परात वाजवायची.

पर तिथला कारभार बघणाऱ्या दारोगाचा कायदा येगळा. तालुकदारसाहेब मुआयन्याला, म्हंजे तपासणीला, येणार म्हणलं की त्यांना भांडी भरलेली दिसली पायजेत, तवर कुणाला वाढायचं न्हाई.

त्या चाळिसांत गुंडव्वा होती, उदगीरकडली लिंगायत म्हातारी, निम्मं कानडी बोलायची. तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची, मगच जेवायची, आन् दिवसातून एकदाच. एका मुआयन्याला तिची पूजा झाली, ताट मांडीवर घेऊन बसली, मला म्हणली काशे, झालं का गं. मी म्हणले साहेब येऊन राहिलेत, थोडं थांब. तीनदा तिनं इचारलं, तीनदा मी थांबच म्हणले. पळी माझ्या हातात होती हो, भांडं म्होरं होतं, आन् मी भिले. साहेब दिवस कलल्यावर आला, भरली भांडी बघून खूष झाला. गुंडव्वा भिंतीला टेकून तशीच गेली होती, ताट मांडीवर. दारोगा म्हणला वय झालतं. वय तिथं सगळ्यांचंच झालतं.

म्होरल्या मुआयन्याला मी येळेवर परात वाजवली, एकूणएकाला वाढलं, भांडी घासून पालथी घातली. साहेब दारात, दारोगा माझ्या अंगावर धावला, कुणाच्या हुकमानं वाढलंस. मी म्हणले गुंडव्वाच्या. साहेब म्हणला ही कोण गुंडव्वा, तर मी समदं सांगितलं, त्याच्या तोंडावर, डोक्यावरचा पदरबी सारखा केला न्हाई. नोकरी तवाच गेली. जाऊ द्या, मला तिची हळहळ न्हाई.

आता लातूरला लेकाकडं हाय, दात मलाबी न्हाईत. सून गुणाची हाय, पर पाव्हणे यायचे असले की म्हणती आत्याबाई, जरा थांबा. मी थांबत न्हाई, ताट वाजवते. सून हसती, हसू दे. थांब हा शबूद मी एकदा वापरला, पुन्हा कुणाचा ऐकणार न्हाई. तुम्हालाबी येळेवर घास भेटो बाबा, आन् वाढणारी भित्री नसो.