दुसऱ्या चरणातला कोसाइन

चाकसूहून जयपूरला येणाऱ्या बसमध्ये माझ्यामागे मायलेकी बसल्या होत्या.

"आई, साइन तीन छेद पाच, कोन दुसऱ्या चरणात. कोसाइन किती?"

"एकातून नऊ छेद पंचवीस वजा केले, उरले सोळा छेद पंचवीस. वर्गमूळ चार छेद पाच."

"मतलब, चिन्ह?"

"धन."

"आई! दुसऱ्या चरणात कोसाइन ऋण असतो."

"काल तर धन होता!"

"काल कोन चौथ्या चरणात होता."

"अगंबाई, म्हणजे बदली झाली की याचा स्वभावच बदलतो?"

"हो. आता टॅन सांग."

"ऋण तीन छेद चार."

"बरोबर! आई, तू नक्की पास होणार!"

"हळू बोल, प्रतिमा. पुढे बाबा बसलेत. परीक्षा तुझी आहे असं वाटतंय त्यांना."