आगाऊ आभार

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोरच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीने मोबाइल नणंदेच्या नाकासमोर धरला.

“ताई, तुमच्या भावाचा मेसेज वाचा.”

“‘पुढच्या महिन्यापासून आई आपल्याकडे राहील. थँकिंग यू इन अ‍ॅडव्हान्स.’ बरं, मग?”

“लग्न झाल्यापासून या माणसाने मला साधं थँक्यू म्हटलेलं नाही. गॅरेजात दिवसभर नट-बोल्ट पिळणारा माणूस, एकदम इंग्रजीत आभार?”

“शिकला असेल कुठेतरी.”

“आणि चुकलेही नाहीत हो! काम व्हायच्या आधीच आभार मानून मोकळे. म्हणजे मला नाही म्हणायची सोयच नाही. हे डोकं त्यांचं नव्हे.”

“उगाच संशय घेऊ नकोस. शब्द अगदी योग्य आहेत. नुसतं थँक्यू लिहिलं असतं, तर तू आधीच हो म्हटलंयस असं वाटलं असतं.”

“तुम्ही बराच विचार केलाय.”

“आमच्या ऑफिसात रोजच लिहितो गं आम्ही असं.”

“असेल, असेल. पण आईंना तुमच्याकडून इतक्यात निघणं जमेल का? त्यांचं ते गच्च भरलेलं कपाट आवरायलाच महिना जाईल.”

“छे, कपाट कधीच रिकामं झालं! दोन्ही बॅगा भरून दाराशी...”

“दाराशी काय, ताई?”

“काही नाही.”

आतून नणंदेच्या नावाचा पुकारा झाला.

“जा, ताई. तोंड असंच उघडं ठेवा.”