अकरा मुलांच्या जोड्या

हॅलो?

हॅलो… ऐकू येतंय का? मी वाचनालयातले आजोबा बोलतोय. शनिवारच्या गणिताच्या वर्गाचे. आई आहे का घरी?

अच्छा, गच्चीवर. कपडे वाळत घालतेय. आणि आजी?… झोपलीय. नको, नको उठवू. मी नंतर करतो मग…

कोण? अगं, म्हणजे तूच का? मुंगी?

ओळखलाच नाही आवाज. फोनवर मोठी वाटतेस तू… हो, चष्माआजोबा. माझ्या पाठीमागे काय म्हणता ते ऐकू येतं मला… राग कसला त्यात? चष्मा आहेच की.

बरं, आई खाली आली की तिला एवढंच सांग, की… थांब हं. लिहून ठेवलंय मी. कुठे गेला कागद… हां. 'आपल्या मुलीच्या बाबतीत माझ्याकडून त्या दिवशी…' नाही, हे तुला कसं सांगू. हे मोठ्या माणसांसाठी लिहिलंय.

हो, फोन करायच्या आधी लिहून काढतो मी. म्हणजे मधेच अडकायला होत नाही… तरी अडकतो, हो. हस तू.

मुंगे, काल आली नाहीस तू वर्गाला.

काय? आईला काय सांगितलंस? वर्गाला सुट्टी आहे?… अरे देवा. अगं, सुट्टी कुठे होती? दहा मुलं आली होती.

नाही, रागावलो नाही. पण आईला खरं सांगावं लागेल. तू नको सांगू, मीच सांगतो. माझ्यामुळे झालं ना ते. त्या आधीच्या शनिवारच्या जोड्यांच्या खेळामुळे.

हो… सगळ्यांना म्हटलं, दोघं दोघं एकमेकांचे हात धरा. पाच जोड्या झाल्या. आणि तू उरलीस.

हो. आणि तू मला विचारलंस, आजोबा, माझी जोडी कुणाशी? मी म्हणालो, कुणाशीच नाही. वर फळ्याकडे वळून सगळ्यांना सांगितलं, बघा, ही विषम.

हसली सगळी. ऐकलं मी. मला वाटलं, समजलं म्हणून हसली.

बाहेर जाऊन बसलीस ना मग तू, चपलांच्या कपाटापाशी. मी शिकवतच राहिलो. मूर्ख माणूस आहे मी, मुंगे.

बरं, नाही म्हणत. स्वतःला पण नाही म्हणायचं?… बरं.

ऐक. मी आधी काय काम करायचो, माहीत आहे? शाळेची पुस्तकं छापायच्या आधी वाचायची आणि चुका शोधायच्या. एकतीस वर्षं… सापडायच्या म्हणजे काय, ढीगभर सापडायच्या. एका पुस्तकात एक चित्र होतं. दोन-दोन मुलं हात धरून उभी, आणि बाजूला एकटा मुलगा, तोंड पाडून. खाली लिहिलेलं, 'विषम संख्या'. दर वर्षी ते पान माझ्या हाताखालून जायचं. दर वर्षी मी कडेला बरोबरची खूण करायचो.

काय चूक म्हणजे? अगं, मुलगा विषम नसतो. संख्या विषम असते. अकरा विषम. तू नाही. तू दारातून शेवटी आलीस म्हणून टोकाला उभी होतीस, एवढंच. तो मॉनिटर उशिरा आला असता तर तो उरला असता.

हो! त्याने तर भोकाडच पसरलं असतं.

तुझ्याजवळ काही आहे का मोजायला? बटणं, पेन्सिली… कपड्यांचे चिमटे? चालतील की. आई रागावणार नाही ना?… अकरा घे. मी धरतो फोन.

…

घेतलेस? आता दोन-दोनच्या रांगा लाव… किती उरले? एक. आता तीन-तीनच्या… दोन उरले. चार-चारच्या कर… सावकाश, घाई नाही मला कसलीच… तीन उरले. पाच-पाचच्या?… परत एक. बघ, कशाही रांगा लाव, अकरा सारखे वाटलेच जात नाहीत. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. हे कालच सांगणार होतो.

हां, एकेकाची रांग होते. अकराच्या अकरा एका रांगेत पण होतात. तेवढ्या दोनच तऱ्हा. हुशार आहेस.

निळा चिमटा उरला? नाही, निळ्याचं काही चुकलं नाही. हिरवा शेवटी ठेवला असतास तर हिरवा उरला असता.

हो… कोणीतरी उरणारच. अकरा आहेत तोवर.

काय म्हणालीस? परत सांग. जरा मोठ्याने…

…म्हणून नाही आलीस?

'मी नाही गेले की दहा होतात आणि सगळ्यांना जोडी मिळते.' असं ठरवलंस तू? एकटीनेच?

…

चष्मा पुसत होतो. आहे.

बरोबर आहे. गणित बरोबर आहे तुझं. अकरातून एक गेला, दहा राहिले, दहा सम. शंभरपैकी शंभर.

काल खरंच पाच जोड्या झाल्या, मुंगे. कुणीही उरलं नाही. आणि मला धड शिकवता आलं नाही. सारखं दाराकडे लक्ष. जिन्यावर पाय वाजले की खडू थांबायचा. सात गुणिले तीन बावीस लिहिलं मी फळ्यावर. खरंच! मॉनिटरने सांगितलं तेव्हा कळलं.

हस, हस. एकतीस वर्षं चुका शोधणारा माणूस.

माझ्या घरी? मी असतो.

आणखी… नाही, बस. मीच… मुलगा आहे, तो लांब असतो. बायको होती. सहा वर्षं झाली… पुस्तकं खूप आहेत. पुस्तकं नाही धरायची? माणसंच? मग एक.

विषम. हो, बरोबर ओळखलंस.

आणि मी वाचनालयात गेलो की? तेव्हा घरात शून्य… शून्य सम की विषम? अरे वा. हे मला आजवर कुणी विचारलं नाही. तूच सांग बघू. लाव जोड्या… लावायला कुणी नाही, बरोबर. मग उरलं कोण?

कुणीच नाही. आणि जिच्यात कुणी उरत नाही, ती कोणती?

सम! शाबास. शून्य सम आहे. भल्याभल्यांना सांगता येत नाही. आपण मोजायला लागतो ना, एक, दोन, तीन, त्या नैसर्गिक संख्या. त्यांच्यात शून्य नसतं. ते घेतलं की सगळ्या मिळून पूर्ण संख्या… हो, परीक्षेत विचारतात.

काय?… हो. मी बाहेर पडलो की माझं घर सम होतं. तसंच झालं म्हणायचं.

तू नसलीस की वर्ग सम, मी नसलो की घर सम. हं… दोघांचं सारखंच आहे, खरं.

मग परत घरी कशाला जातो? कशाला म्हणजे… झोपायला जातो. चहा करतो. अगं, माझं घर आहे ते! मोजणी विषम होते म्हणून कुणी आपलं घर सोडतं का?

…

मुंगे.

मी आत्ता काय म्हणालो, ऐकलंस ना?

हेच सांगायचं होतं तुला. कागदावर नव्हतं हे. कागदावर नुसतं 'क्षमस्व' वगैरे आहे.

तसाच तुझा पण वर्ग आहे तो. अकरा तर अकरा. विषम तर विषम. होऊ दे की. संख्येला काही दुखत नाही.

मी कुणाचा हात धरला होता? मी कशाला धरेन? मी फळ्यापाशी होतो. खडू होता हातात… एका हातात. दुसऱ्यात? दुसऱ्यात काही नव्हतं.

नाही, मला मोजत नाहीत. मी शिकवणारा ना… का म्हणजे? तसंच असतं. पुस्तकात शिकवणाऱ्याला… पुस्तकात चुका असतात, हो, मीच म्हणालो मघाशी.

पण मुंगे, खडूने माखलेला असतो गं माझा हात. आणि म्हाताऱ्या माणसाचा हात धरायला पोरांना…

कोण आलं? आई? दे, दे तिला. थांब, कागद… असू दे कागद. दे.

हॅलो, नमस्कार. मी… शनिवारचा वर्ग घेतो ना, वाचनालयात… हो, तोच. ग्रंथपालबाईंना दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मी. नाही, तसं काही घडलं नाही. म्हणजे घडलंय.

काल सुट्टी नव्हती. वर्ग होता… हो, तिने तसं सांगितलं. पण तिला रागावू नका, चूक माझी आहे. त्याआधीच्या शनिवारी मी तिला सगळ्यांसमोर एकटं उभं केलं. मुद्दाम नाही… पण केलं. मुलं हसली तिला. ती वर्गाबाहेर जाऊन बसली आणि मी तिच्याकडे गेलो नाही. तुम्हाला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. आठ दिवस लागले मला. मला फोनवर बोलायला… बोलता येत नाही फारसं.

हो. ऐकतोय.

हो, खरं आहे तुमचं. लहान मुलांना शिकवायची सवय नाही मला.

खरं आहे. पाठवायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. नाही पाठवलंत तरी मी… तरी मला समजेल.

मुलं? दहा येतात. तुमची धरून अकरा.

काय म्हणतेय ती मागून?… बारा?

नाही, नवीन कुणी आलेलं नाही… हो, बारा पण म्हणता येईल. बारावा जरा वयाने मोठा आहे… नाही हो, दांडगा नाही. तुमच्या मुलीलाच विचारा, तिने घेतलंय त्याला.

बघता? बरं, बघा. काही हरकत नाही. आजींची झोपमोड झाली का? माफ करा. ठेवतो… हो, ठेवतो. नमस्कार.

…

हॅलो?

अहो, रिसीव्हर नीट ठेवला नाहीत तुम्ही. आवाज येतोय इकडे.

हॅलो… ताई… फोन चालू राहिलाय…

मुंगे?

…

चिमटे आवरायला सांगतेय आई… रागावली नाही. नळ सोडलाय. आजी उठल्या वाटतं. कोण होतं, विचारतायत…

मी काही ऐकत नाहीये हो. तुमचा फोनच चालू आहे. हॅलो…

…

ठेवायला हवा आपण. बरं नाही दिसत हे.

ठेवतो.

…

कसला आवाज हा… खोक्याचा? नवे बूट घालून बघतेय मुंगी. डावा चावतोय म्हणतेय… आई ओरडली. म्हणते, काढ ते, आत्ता कशाला हवेत बूट? शनिवारी घाल.

शनिवारी घाल म्हणाली.

हळूच ठेवतो हं मी. तुम्हाला कळणार पण नाही.