पऱ्हाट्यांचा ठराव आणि धुळ्याचे व्याही

ठराव मीच लिहिला! आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुजबुज नको. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामसेवक सरकारी पत्रक घेऊन उभे राहिले... शेतातला काडीकचरा पेटवू नका, हवा बिघडते, जमीन मरते... आणि म्हणाले, "बाई, ठरावाची भाषा तुमचीच हवी." बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, पळवाट ठेवणारी भाषा मला लिहिताच येत नाही. लिहिलं, 'गावाच्या हद्दीत कपाशीच्या पऱ्हाट्या कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणासाठी जाळू नयेत.' टाळ्या पडल्या! आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी, तुम्हाला सांगते, एकालाही भरीत आठवलं नाही!

पहूरजवळचं आमचं गाव. इथे सोयरीक पेढ्यावर पक्की होत नाही, शेतातल्या भरितावर होते, आणि भरिताची वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांच्याच, कपाशी वेचल्यावर उरलेल्या वाळक्या काड्यांच्याच, जाळावर! माझा धाकटा भाऊ तोताराम, त्यानं लेकीच्या, म्हणजे मयुरीच्या, होणाऱ्या सासरची चाळीस माणसं धुळ्याहून बोलावली... कधी? सव्वीस जानेवारीला! वांगी आली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ मळून झालं आणि सकाळीच भावजय दारात. पुष्पाबाई. कमरेवर हात!

"अक्का, वांगे काय उन्हात भाजू? पऱ्हाट्यायले तं तुमी हात लावू देत नाही!"

"गॅसवर भाज."

"गॅसवर? त्यापेक्षा पोरीले घरीच ठेवते!"

आता बोला! ठराव मोडावा, तर गावात तोंड कसं दाखवू? पाळावा, तर भाचीची सोयरीक गॅसवर! आणि ठराव कोणी लिहिला? मीच!

झेंडावंदन आटोपलं, ग्रामसभा बसली, ऐनवेळचे विषय निघाले, तोच कौतिक उभा राहिला. माझाच विद्यार्थी. चार वर्षांत वर्गात एक उत्तर दिलं नाही, आणि आता प्रश्न विचारतो! "बाई, याच पऱ्हाट्यायच्या विटा करून कारखान्याच्या भट्टीत घातल्या तं ती हरित ऊर्जा, अन् आमच्या वांग्याखाली घातल्या तं परदूषण?"

अख्खी सभा माझ्याकडे बघते आहे... कारण ठराव कोणी लिहिला? मीच! उठले. म्हटलं, "चूक माझी आहे. पत्रक शेत पेटवण्याबद्दल होतं. मी त्यात चूलही कोंबली. भरितासाठी सूट द्यावी." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले हो हे वाक्य, आणि छातीवरचा धोंडाच उतरला!

पण कौतिक बसेल तर ना! "म्हंजे पाच एकर पेटवून मधात एक वांगं ठेवलं तं चालीन ना, बाई?"

पाहिलंत? कायद्यात खिडकी उघडावी, तर हे बैलगाडी घालतात! मग बसलो कलम घालत. किती वांग्यांना किती पऱ्हाट्या? जाळ आधी की वांगी आधी? एवढ्यात चार जीपगाड्या थांबल्या आणि धुळ्याचे व्याही, रुपचंदनाना, थेट सभेत. "भरीत कोठे शे?"

"नाना, भरीत अजून चर्चेत आहे."

बसले बिचारे मागच्या सतरंजीवर. सगळी चर्चा ऐकली आणि मतदानाला सर्वांत आधी त्यांचाच हात वर! म्हटलं, "नाना, तुम्ही या गावचे मतदार नाही." तर म्हणतात, "भूक ते लागेल शे ना!"

तर ठरलं असं. शेत पेटवायचं नाही ते नाहीच. तिथल्या पऱ्हाट्या यंत्रानं बारीक करून मातीतच जिरवायच्या. भरितासाठी मात्र दहा किलो वांग्यांमागे कवेत मावेल एवढा एकच भारा, आणि वांगी मांडल्याशिवाय काडी ओढायची नाही. सूचक तोताराम, अनुमोदक कौतिक, विरोधात कोणी नाही. दुपारी भरीत झालं, विहीणबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, सोयरीक पक्की... हुश्श!

एक कलम तेवढं सांगायचं राहिलं. प्रत्येक भरीत नियमात झालं की नाही हे जागेवर जाऊन पाहायला तपासणीस नेमला. नाव सुचवलं पुष्पाबाईनं आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. आता मला रोज दोन-तीन शेतांत बोलावणं येतं, हिरव्या मिरच्यांचं ते भरीत न खाता उठावं तर यजमान रुसतात... आणि डॉक्टरांनी माझं तिखट बंद केलंय हो!