रत्नाच्या छातीतली घरघर

आयाबायांनो, बापहो, भीमराव गुरुजी,

टँकरची पाळी सोडून तुम्ही विहारात येऊन बसलात. रत्नासाठी दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. मी कमल. तिकडं मुखेडकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. रत्नमाला, आपली रत्ना, तुमच्या गावची नर्स. माझी मैत्रीण.

नांदेडला आम्हा नर्सांचं शिबिर होतं. मोठे डॉक्टर खेड्यात पोचत नाहीत, म्हणून शाळेतल्या लेकरांच्या छात्या आम्हीच तपासायच्या, हे शिकायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "आधी घसा दुखतो. मग ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण काळजाची झडप खराब होते. तो आवाज ओळखायला शिका." सरावासाठी एकमेकींच्या छातीवर नळी ठेवायची होती. माझ्यासमोर रत्ना बसली. हसत होती.

मी ऐकलं. ठोक्यानंतर घरघर. दूर कुठं कुणी जातं ओढतंय, तशी. मी म्हणाले, "डॉक्टर, माझा कान चुकतोय का?" त्यांनी ऐकलं. लई वेळ ऐकलं. मग बाकीच्या पोरींना चहाला धाडलं.

रत्नाचं हसू गेलं.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर आईबरोबर राहायची. तिथं तिचे गुडघे सुजले होते. आई म्हणाली, वाढीचं अंग दुखतं. तेल चोळलं. ही माउली इथं पुढं बसलीय, तिला दोष देऊ नका. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टर म्हणाले, मुंबईला जा, ऑपरेशन करून घे. तोवर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई चुकवू नको. रत्ना म्हणाली, "पाऊस पडू द्या, जाते." पाऊस पडला का? तुम्हीच सांगा. पडला का?

ती तुमच्या शाळेत लेकरांच्या छात्या ऐकत फिरली. गंगूचे गुडघे सुजलेले तिनंच पाहिले. गंगूची आजी सुई टोचू देईना. "पोरीच्या जातीला सुया कशाला? लग्न कोण करील?" मी त्या दिवशी इथंच होते. रत्नानं वाद घातला नाही. नळी आजीच्या कानात घातली आणि दुसरं टोक स्वतःच्या छातीवर धरलं. "ऐका आजी. माझ्या मायनं तेल चोळलं व्हतं. आता हे ऐका."

आजी ऐकत राहिली. मग नळी काढली आणि म्हणाली, "बाई, तू जगशील का गं?"

रत्ना म्हणाली, "पोरीला पुढं करा."

मग तुमचा जिल्हा नवा झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. आणि औषधाची पेटी यायची बंद झाली. जुन्या कचेरीत म्हणाले, तुम्ही आता आमच्यात न्हाई. नव्या कचेरीत म्हणाले, अजून टेबलं लागून राहिलीत, थांबा. रत्ना एसटीनं माझ्याकडं आली. माझ्याजवळ होत्या त्यातल्या काही शिश्या मी दिल्या. विचारलं, "तुझी सुई?" म्हणाली, "घेतली की." खरं की खोटं, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही.

वैशाखात तिचा घसा धरला. ताप आला. तशीच तांड्यावर जाऊन आली. परतली तेव्हा श्वास पुरत नव्हता. गुरुजींनी जीप आणली. तिला आडवं होता येईना. बसल्या बसल्या गुरुजींच्या खांद्याला धरून राहिली. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. वाटेत म्हणाली, "खिडकी उघडा." गुरुजी म्हणाले, "उघडीच हाय गं." नांदेड आलंच नाही.

आयाबायांनो, उपकेंद्राला कुलूप आहे. पेटी रिकामी आहे. गंगूची पुढची सुई येत्या आठवड्यात आहे. ज्या पाच-सहा लेकरांच्या छातीत रत्नाला आवाज ऐकू आला, ती लेकरं आत्ता इथं तुमच्या आजूबाजूला आहेत. खेळून राहिलीत. वरून काही दिसत नाही. रत्नाचंही दिसत नव्हतं.

उद्या सकाळच्या एसटीनं मी नव्या जिल्ह्याला जाणार आहे. त्या कचेरीच्या पायरीवर बसणार आहे. गंगूची आजी म्हणते, मी पण येते. आणखी कोण येतं ते मी विचारणार नाही. सकाळी फाट्यावर दिसेल.

आता उभे राहा. लेकरं जवळ घ्या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

रत्ना, जयभीम.