आत्यानं सोडवलेला कोडचा घोळ

मंडळी, सांगा बरं – नाव ठेवायचं ते कुणासाठी? ठेवणाऱ्यासाठी, की पुढं हाक मारणाऱ्यासाठी? माना नुसत्या डोलवू नका! उत्तर येत नसलं की माणूस मान डोलवतो. मीही तेच करत आलोय.

ऐका तर! नागपुरात तीन माणसांची एक टीम. डायलिसिसच्या रुग्णांना तारखा द्यायचं सॉफ्टवेअर करणारी. म्होरकी पौर्णिमा गावंडे. दुसरे मुकुंदराव – वीस वर्षं कोड लिहिणारे, आखडत्या हाताचे. कोडमध्ये रुग्णाच्या पुढच्या तारखेला त्यांनी नाव दिलं ‘डी-टू’. झालं! तिसरा श्रीरंग, नवा भरती झालेला. त्याच तारखेला त्याचं नाव – ‘रुग्णाला पुढच्या वेळी उपचारासाठी बोलावलेली सुधारित तारीख’! लग्नपत्रिकाच की हो!

शुक्रवारी चाचणी घेतली. श्रीरंगनं रुग्णाची तारीख बदलली – पण निरोप गेला जुन्याच तारखेचा! का? तर निरोप पाठवणारा मुकुंदरावांचा कोड ‘डी-टू’कडे बघत बसलेला. एकच तारीख, दोन नावं, आणि दोघांची ओळखदेख नाही!

आता तिकडे आप्पा हात वर करतायत – “बुवा, देवाला हजार नावं चालतात, मग यांना दोन का नकोत?” आप्पा, देवाला कुठल्याही नावानं हाका मारा, त्याला कळतं. कॉम्प्युटर देव नाही हो!

सोमवारी काम हॉस्पिटलला द्यायचं. आणि रविवारी अकोल्याला पौर्णिमेच्या भाचीचं बारसं! आत्या ही एकटीच. घोळ निस्तरल्याशिवाय निघणार कशी?

शनिवारी सकाळी तिघं बसले.

मुकुंदराव म्हणाले, “आमच्या वेळी दोन अक्षरांत भागायचं.”

“काका, तुमच्या वेळी वाचणारेही तुम्हीच होता!”

“आणि तुझं नाव वाचताना मध्ये चहा घ्यावा लागतो, त्याचं काय?”

दुपार झाली. एवढ्यात वहिनीचा फोन. पौर्णिमेनं रडकुंडीला येऊन सांगितलं, “वहिनी, माझं काही जमत नाही. तुम्हीच ठेवून टाका नाव.”

“छे हो वन्सं! तुमचे भाऊ तिला ‘गुल्लूबाई’ म्हणतायत. मीही त्यातलीच! आई-बापाला लाडात काहीही गोड वाटतं. उद्या चारचौघांत हाक मारायची ती लोकांनी. म्हणून तर आत्या लागते!”

पौर्णिमा फोन ठेवून ताडकन उठली! “ठरलं! ज्यानं कोड लिहिला, त्यानं नाव ठेवायचं नाही. शेजाऱ्यानं वाचायचं, शेजाऱ्यानं ठेवायचं. मुकुंदराव, तुमचं बाळ श्रीरंगच्या मांडीवर!”

मुकुंदरावांचा चेहरा – काय सांगू! पण दिलं.

श्रीरंगनं विचारलं, “काका, हा डी-टू. मग डी-वन कुठाय?”

मुकुंदरावांनी कोड वरपासून खालपर्यंत चाळला. “होता रे... आता आठवत नाही.”

स्वतःच लिहिलेलं, मंडळी! आणि मग तो माणूस हसायला लागला. पोट धरून हसला! म्हणाला, “ठेव बाबा, तूच ठेव.”

श्रीरंगनं ठेवलं – ‘पुढची तारीख’. त्याच्या लग्नपत्रिकांना मुकुंदरावांनी कात्री लावली, आणि त्या तारखेला दोघांकडे आता एकच नाव. दिवेलागणीला पुन्हा चाचणी. तारीख बदलली – निरोप गेला – नव्या तारखेचा! पौर्णिमा पिशवी उचलून थेट स्टँडवर. रविवारी पाळण्यावर वाकून भाचीच्या कानात नाव सांगितलं – अन्विता! पाठीत बुक्के खाल्ले, पोटभर जेवली.

हसलात? बरं झालं. आता आपल्याकडे या. तुमच्या कपाटात पाकिटं किती? आणि त्यांवर काय लिहिलंय? ‘महत्त्वाचे’! सातही पाकिटांवर ‘महत्त्वाचे’! आपल्याला ठाऊक असतं हो, कशात घराचे कागद आणि कशात आईचे रिपोर्ट. पण आपण नसताना घाईनं कपाट उघडणारी सून – तिनं काय करावं? सातही फोडावीत?

हरीचं नाव घ्या आणि घरी जा. सुनेला हाक मारा, पाकिटं तिच्यापुढं मांडा, पेन तिच्या हातात द्या. ती विचारेल, “हे काय आहे?” सांगता आलं, तर कीर्तन पावलं. नाही आलं – तर आधी उघडून बघा, मंडळी. आपण आहोत तोवर!